जाहिरातीएवढा वेळ

मी एक निवृत्त रिमोट बोलतोय. नव्या टीव्हीबरोबर आलेला तो सडपातळ, चार बटणांचा दागिना मी नव्हे. मी जुन्या केबलच्या डब्याचा रिमोट. अंगभर आकडे, लाल-हिरवी बटणं, पोटात दोन सेल. बटणं भरपूर होती म्हणून मानही भरपूर होता, असं आपलं माझं मत.

कारखान्यात एकाच साच्यातून माझी हजारो भावंडं निघाली. कोण कुठं गेलं, देव जाणे. मी या घरात आलो. सगळी इमारत जिला ‘काकू’ म्हणते, तिच्या हातात पडलो आणि तिथंच रुळलो. काकूंनी मला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, ते माझं बारसं! सेल दमले की मला तळहातावर आपटायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण पुन्हा चालू झालो की लगेच म्हणायच्या, “शहाणा गं माझा.” राग धरणार तरी किती?

माझं सगळ्यात झिजलेलं बटण कोणतं, सांगा पाहू. चॅनल बदलायचं? छे. आवाज बंद करायचं. त्याच्यावरचं चित्र पार पुसून गेलं होतं, आणि त्याला कारण काकूंची ताई.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. दोघींचे गुडघे कुरकुरायला लागले तसं येणंजाणं थांबलं. पण दिवेलागणीला दोघी आपापल्या घरी एकच मालिका लावायच्या. जाहिरात लागली की काकू माझ्याकडून आवाज बंद करून घेत आणि फोन लावत. फोन नेहमी काकूंनीच करायचा, हा ठरून गेलेला रिवाज.

“बघितलंस ना ताई? त्या सासऱ्याचं लक्षण मला पहिल्यापासून ठीक दिसत नव्हतं.”

“सासरा राहू दे. तू गोळी घेतलीस का सकाळची?”

मालिका सुरू झाली की फोन खाली. अर्धं राहिलेलं वाक्य पुढच्या जाहिरातीत पुरं व्हायचं. एकदा तर दोघी भांडल्या पहिल्या जाहिरातीत, अबोला धरला दुसरीत आणि समेट केला तिसरीत. जाहिरातींना सगळं जग शिव्या देतं. या घरात मात्र त्यांची वाट बघितली जायची.

मग एक दिवस ती मालिका वाहिनीवरून उठली आणि ॲपवर गेली. मुलानं हौसेनं नवा टीव्ही आणला, केबलचा डबा काढला. “आई, आता मालिका कधीही बघ. आणि बिनजाहिरातीचं घेतलंय, मधे कटकट नाही!” ताईंकडेही त्यांच्या नातवानं तसंच करून दिलं. कानामागून आलेला तो नवा रिमोट तिखट झाला, आणि मी टीपॉयवर नुसता पडून राहिलो. मला उचलून ठेवायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच माझं भाग्य.

दोघी अजूनही दिवेलागणीलाच मालिका लावत. पण आता ती नळासारखी वाहायची. मधे खंड नाही, म्हणून फोन नाही. संपल्यावर करावा, तर तोवर जेवणाची घाई. आधी दिवसाआड, मग आठवड्याने, मग फोन जवळजवळ बंदच. काकू नुसत्या फोन मांडीवर घेऊन बसायच्या. मला फार वाईट वाटायचं, पण माझं ऐकणार कोण?

एका संध्याकाळी सून बाथरूममधून ओरडली, “आई, गॅसवर दूध आहे, जरा बघता का?” काकूंची नजर पडद्यावरून हलेना. दूध उतू गेलं, करपल्याचा वास घरभर पसरला. मुलानं धावत जाऊन गॅस बंद केला.

“अगं आई, टीव्ही थांबवून उठायचं ना!”

“शहाणाच आहेस! आपल्या दुधापायी सगळ्यांचा टीव्ही थांबवू? तिकडे ताई बघत असते.”

मुलगा हसला आणि मध्येच थांबला. त्याच्या लक्षात आलं, आई इतके दिवस पाणी प्यायलाही का उठत नव्हती. तो तिच्याजवळ बसला. “अगं, हे थांबवायचं बटण आपल्या घरापुरतंच आहे. आपण थांबवलं तरी मावशीचं चालूच राहतं.”

“चालूच राहतं?” काकूंचा चेहरा उतरला. “मग आम्ही दोघी बरोबर बघतो, ते कुठं?”

मुलानं विचारलं, “तुला जाहिरातींवालं आणून देऊ का?”

“जाहिरात घेऊन काय करू रे? मला जाहिरातीएवढा वेळ हवाय. ताईशी बोलायला.”

त्यानं नवा रिमोट तिच्या हातात दिला. “मग दाब हे. आणि लाव फोन.”

काकूंनी भीतभीत बटण दाबलं. पडद्यावरचा सासरा तोंड उघडं ठेवून गोठला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ताईंनी फोन उचलला.

“ताई, मी मालिका मधेच थांबवलीय. तू पण थांबव ना जरा.”

“मी थांबवूनच बसलेय,” ताई म्हणाल्या. “रोज बसते.”

“अगं मग फोन नाही का करायचास?”

“तू करतेस ना नेहमी. म्हटलं, नव्या टीव्हीत रमली असशील, कशाला मधे पडा.”

काकूंनी चष्मा काढला. पदरानं डोळे टिपले. ताईही फोन ठेवेनात. मुलगा उठून स्वयंपाकघरात गेला आणि ओटा पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सुनेनं टीपॉय आवरला. आता मी खणात आहे, कुलूप हरवलेल्या किल्ल्यांच्या शेजारी. बाहेर मालिका थांबते, दोघी खिदळतात, ते मला इथंही ऐकू येतं. नव्या रिमोटवर माझा आता राग नाही. उद्या भंगारात गेलो तरी तक्रार नाही.

जाता जाता तुम्हाला एकच विनवणी. समोर कितीही रंगलेलं असू दे, आपल्या माणसाची आठवण आली तर थांबवा आणि फोन लावा. कार्यक्रम आता तुमची वाट बघायला शिकलाय. माणसांनी किती वाट बघायची?