बुकात पेट्रोल, पोटात डिझेल

अण्णारावाला कुठलीही वस्तू दाखवा, ती विकली तर किती येतील हे तो आधी सांगायचा. नवं घड्याळ असो, दुभती म्हैस असो की बायकोच्या अंगावरचं लुगडं, सगळ्याचा भाव त्याच्या जिभेवर तयार. धाकटा भाऊ म्हणून श्रीशैलनं हे जन्मभर ऐकलं होतं. आता नुसता 'भाव' हा शब्द कानावर पडला तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

नांदूरघाटच्या स्टँडासमोर दोघांचं किराणा दुकान होतं. आत गल्ल्यावर अण्णाराव आणि बाहेर जीपवर श्रीशैल, अशी कामाची विभागणी. जीप वडिलांनी, उत्तरेश्वरअप्पांनी, बीडला सरकारी लिलावात घेतलेली. अप्पा वारले आणि दुकान, जीप दोन्ही सामाईक राहिलं. श्रीशैल नांदूरघाट ते केज माणसं वाहायचा. नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला झालाय ते तो सांगायचा. दुकानात मिठाचं पोतं कुठं असतं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आणि एवढं असूनही त्या जीपला साधा आरसा बसवायचा तर थोरल्याची परवानगी लागायची.

"आरशाला भोक पाडावं लागतं," अण्णाराव म्हणायचा. "भोक पडलं की भाव पडला."

सीटवर त्यानं जाड प्लास्टिक शिवून घेतलं होतं. उन्हाळ्यात माणसं त्याला चिकटायची आणि उतरताना शिव्या घालायची, त्या श्रीशैलला. मुलगी झाली तेव्हा श्रीशैलनं मागच्या पत्र्यावर तिचं नाव रंगवायचं ठरवलं, तर अण्णाराव भर दुकानात गिऱ्हाइकांपुढं म्हणाला, "उद्या घेणाऱ्याच्या पोरीचं नाव अपेक्षा असंल का बे? त्याला खरवडायचा खर्च कावून लावतो?" गिऱ्हाइकं हसली. श्रीशैल ते विसरला नाही.

मग केजच्या रस्त्यावर फायनान्सवर घेतलेल्या नव्या डिझेल गाड्या उतरल्या. लांबलचक, मागं समोरासमोर बाकडी, एका खेपेला पंधरा माणसं. श्रीशैलची पेट्रोलची जीप नऊ माणसांत भरायची आणि निम्मी कमाई पिऊन टाकायची. त्यानं थोरल्याला सांगितलं, की डिझेल इंजिन टाकू, मागून दीड फूट वाढवू, नाहीतर धंदा बसला.

"आणि आरटीओच्या बुकात काय ऱ्हाईल?" अण्णाराव ओरडला. "बुकात पेट्रोल, पोटात डिझेल! माजलगावचा धोंडीराम दलाल आज सत्तर हजार द्यायला तयार हाय. तू हात लावला की भंगारवाला बी दारात येणार न्हाई."

"तुला विकायचीच पडलीया! मी काय करू मग? तुज्या गल्ल्यापाशी मीठ मोजू?"

"मोज की. तेवढी तरी अक्कल हाय का बघू."

त्या दिवसापासून दोघांत बोलणं फक्त किल्लीपुरतं उरलं. श्रीशैलनं मनात वाटणीच ठरवून टाकली. पण वाटणीत एक मेख होती. त्यांच्या भावकीत जी वस्तू तोडता येत नाही तिची किंमत वाटणी मागणाऱ्यानं बोलायची, आणि निम्मी किंमत देऊन ती उचलायची की निम्मी घेऊन सोडायची हे दुसऱ्यानं ठरवायचं. कुणी कुणाला लुबाडू नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेली रीत. श्रीशैल कमी बोलला असता तर अण्णारावानं जीप उचलून धोंडीरामाला सत्तरला विकली असती. जास्त बोलावं तर निम्मी रक्कम थोरल्याच्या घशात घालायला त्याच्याजवळ पैसा नव्हता.

आणि मग एका दुपारी, रिकाम्या गाडीत प्लास्टिकवर घाम पुसत बसलेल्या श्रीशैलला अक्कल सुचली. जीपची विक्रीची किंमतच मारून टाकायची! आधी इंजिन बदलायचं, गाडी लांबवायची. बाजारात ती मातीमोल होईल. मग वाटणी मागायची आणि कमी किंमत बोलायची. भाव भाव करणारा थोरला मातीमोल गाडी कशाला उचलेल? गाडी आपली आणि तीही डिझेलची. आपल्या हुशारीवर तो एकटाच हसला.

बायकोला, वर्षाराणीला, सांगितलं तर ती काही हसली नाही.

"आदी वाटणी करा, मग काय ते ठोका," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावावर पैसा लावता का?"

"तुला यातलं कळत न्हाई."

"मला येवढंच कळतं, की माज्या पाटल्या चाललेत."

पाटल्या गेल्याच. इंजिनाचं काम निघालं अशी थाप मारून श्रीशैलनं जीप केजच्या एका वर्कशॉपात बजरंग मिस्त्रीकडं नेली. गेवराईकडं हायवेवर उलटलेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन मिळालं. बजरंगनं चेसी कापून दीड फुटाचा तुकडा जोडला, दोन बाकडी ठोकली, वर कॅरिअर बसवलं. प्लास्टिक श्रीशैलनं स्वतःच्या हातानं ब्लेडनं फाडलं. आणि मागच्या दारावर लाल-पिवळ्या रंगात, हातभर अक्षरांत, नाव लिहून घेतलं: अपेक्षा.

तीन आठवड्यांनी गाडी दुकानापुढं उभी राहिली तेव्हा अण्णाराव पायात चप्पल न घालताच बाहेर आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. जोडाच्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं.

"अप्पाची गाडी मारलीस तू," तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच कापत होता. "नासक्या हाताचा हायेस तू, शिरशैल."

त्यानं चिडून धोंडीरामाला माजलगावहून बोलावून घेतलं. धोंडीरामानं बुकातला इंजिन नंबर पाहिला, गाडीतला पाहिला, आणि चहा अर्धा सोडून उठला. "पंचवीस हजाराला बी कुणी धरणार न्हाई," म्हणाला. श्रीशैलला पेढे वाटावेसे वाटले. पण तो लगेच बोलला नाही. चार महिने जाऊ दिले, म्हणजे संशय यायला नको. हीच त्याची घोडचूक झाली. त्या चार महिन्यांत गाडीनं पैसा ओढला. सोळा-सतरा माणसं, दिवसाला पाच खेपा, बाजाराच्या दिवशी कॅरिअरवरही माणसं. ही गाडी भरायची कुठं? दुकानापुढं, अण्णारावच्या डोळ्यांदेखत. गल्ल्यावर बसून तो माणसं मोजत होता, आणि श्रीशैलला वाटत होतं की तो जळतोय.

मग श्रीशैलनं वाटणी मागितली, तेव्हा मामा, सुंदरराव, आले. दुकानात मधोमध भिंत घालायची ठरली. शेत बांधावरून तुटलं. राहिली जीप.

"बोललेल्यावरून कुणी फिरायचं न्हाई," श्रीशैल आधीच म्हणाला. "गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठिवून सांगायचं. दादानं बी आन् मी बी."

दोघांनी लिंगावर हात ठेवला. अण्णारावनं तर डोळेसुद्धा मिटले.

"बोल," सुंदरराव म्हणाले.

"तीस हजार."

सुंदररावांनी थोरल्याकडं पाहिलं. "पंधरा देऊन उचलतो, की पंधरा घेऊन सोडतो?"

अण्णारावनं घाई केली नाही. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच धाकट्याकडं सरळ बघितलं.

"उचलतो."

श्रीशैल ताडकन उठला. "विकणार कुणाला? कोण घेनार न्हाई तिला! तूच म्हणलास!"

"भाव विकणाऱ्याला लागतो," अण्णाराव म्हणाला. "मला कुठं विकायचीया?"

"दादा, त्यात वर्षाच्या पाटल्या हायेत! पंधरात इंजिन बी येत न्हाई!"

"मग तीस कावून बोललास?"

सुंदरराव जमिनीकडं बघत राहिले, कारण त्यांनाही सगळं कळलं होतं. श्रीशैल थोरल्याच्या अंगावर धावून गेला, दोघा-तिघांनी त्याला धरलं, आणि त्या झटापटीत त्याच्या सदऱ्याची बटणं तुटली. अण्णाराव जागचा हलला नाही. त्यानं हात पुढं केला. किल्ली श्रीशैलच्या खिशात होती. ती मात्र त्यानं हातात दिली नाही, जमिनीवर फेकली. अण्णारावनं ती वाकून उचलली आणि पुसून घेतली.

जीपवर अण्णारावनं ड्रायव्हर म्हणून बजरंगला ठेवलं, ज्यानं ती कापली आणि जोडली त्यालाच. श्रीशैल भिंतीच्या अलीकडच्या अर्ध्या दुकानात मीठ मोजू लागला. दिवसातून पाच वेळा ती गाडी त्याच्यासमोर भरायची. तिसऱ्या गिअरला ती कुरकुरायला लागली होती आणि बजरंगला ते ऐकू येत नव्हतं. श्रीशैल दात खाऊन वजनं ठेवायचा. भिंतीपलीकडं अण्णाराव खोकला तरी त्याला वाटायचं, हसला.

वर्षाराणीनं त्याला एकदाही बोल लावला नाही. मोकळे हात तेवढे ती त्याच्या ताटापुढं करायची, वाढताना.

पुढं केजला मोंढ्यात माल भरायला जायची वेळ आली. श्रीशैल मुद्दाम दुसऱ्या गाडीची वाट बघत स्टँडावर उभा राहिला. बरोबर वर्षाराणी होती आणि पाच वर्षांची अपेक्षा. तेवढ्यात जीप वळण घेऊन समोर आली. अपेक्षा नुकतीच अक्षरं लावायला शिकली होती. मागच्या दारावरचं नाव दिसताच ती हात सोडून पळाली.

"आपली गाडी! आई, आपली गाडी आली!"

चढलीसुद्धा, आणि बाकड्यावर ऐटीत बसून बापाला हाका मारू लागली. सगळी माणसं बघत होती. श्रीशैलला चढावंच लागलं.

गाडी हलणार एवढ्यात गल्ल्यावरून अण्णारावची हाक आली.

"बजरंग! घरचे म्हणून सोडू न्हको. दोन फुल, एक हाफ."

श्रीशैलनं पैसे काढून बजरंगच्या हातावर ठेवले. अपेक्षा त्याच्याकडं बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्याच गाडीचे पैसे कावून द्यायलेत?"