परीक्षकाची गाडी

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी पांढरी गाडी वायरवालीच्या कार ऑडिओच्या शेडमध्ये शिरली आणि तिने हातातला टेस्टर खाली ठेवला. गाडी एक तरुण बाई चालवत होती. शेजारच्या सीटवर उस्ताद बसले होते.

बारा वर्षांपूर्वी याच माणसाने तिला आपल्या वर्कशॉपमधून काढलं होतं. एका गाडीच्या स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येत होता, इंजिनाचा वेग वाढला की चढत जाणारा. ॲम्पची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, अर्थिंगची वायर उस्तादांनी पत्र्यावरच्या रंगावर तशीच कसली होती. रंग खरवडला की पत्रा गंजतो, हा त्यांचा हट्ट. तिने चूक दाखवली: मध्ये रंग आला की अर्थिंग पत्र्याला लागत नाही, म्हणून शिट्टी. उस्ताद गिऱ्हाइकासमोर आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "हिचे हात चांगले आहेत. कान नाहीत." ते वाक्य तिच्या आधी बाजारात पोचलं. दोन वर्षं तिला कुणी दारात उभं केलं नाही. मग तिने ही शेड घातली. उस्तादांना द्यायचं उत्तर तेव्हापासून तिच्याकडे तयार होतं आणि ती अधूनमधून त्याला धार लावत असे.

"काय पोरी, ओळखलंस का?"

"तुम्हाला विसरेन होय, उस्ताद?"

"मी येतच नव्हतो. ही आमची सूनबाई ऐकेना. म्हणे, वूफर लावला की गाडीत शिट्टी वाजते. मला तर काही ऐकू येत नाही." ते थांबले. "म्हणजे, आवाजच नाही."

सून खाली उतरली, दार जरा जोरातच लावलं.

"आठ महिने झाले, ताई. घरात एकच पालुपद. बाबांना ऐकू येत नाही तो आवाज तुला कुठून येतो? शेवटी मलाच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. माझे कान ठणठणीत निघाले. तर बाबा म्हणाले, डॉक्टरला काय कळतंय!"

"मग माझ्याकडेच का आणलीत?"

"बाकी सगळ्या दुकानांत बाबांचे शिष्य आहेत," सून म्हणाली. "आणि अकरा वाजता स्पर्धा आहे."

स्पर्धेचं वायरवालीला माहीत होतं. कार ऑडिओवाल्यांच्या संघटनेची ती वार्षिक स्पर्धा, आणि यंदा मुख्य परीक्षक उस्ताद होते. संघटनेचा जुना रिवाज असा, की परीक्षकाची गाडी आधी सगळ्या सभासदांनी एकेक करून ऐकायची. तीत दोष निघाला तर परीक्षक खुर्चीवरून उतरला. आजवर कुणी उतरला नव्हता. ती स्वतःही सभासद होती. यादीत शेवटची, चाळिसावी.

तिने डिकी उघडली. वूफरचा डबा, त्याच्या बाजूला ॲम्प. त्याच ॲम्पवर दारांतले छोटे स्पीकरही जोडलेले. सुनेने पुन्हा स्टिअरिंगमागे बसून गाडी जागेवरच रेस केली आणि शिट्टी आली, बारीक, सुईसारखी, वेगाबरोबर चढत गेलेली.

उस्ताद उतरून मागे आले आणि त्यांनी वूफरच्या डब्यावर तळहात ठेवला.

"बघ. एक स्क्रू हलत नाही. कुठून हवा सुटत नाही."

ते खरं होतं. वूफरचं घुमणं गोल आणि भरीव होतं. शिट्टी दारांतून येत होती आणि ती तळहाताला लागण्यासारखी नव्हती. वायरवालीने अर्थिंगची वायर हाताने चाचपली. नटाखाली रंग जसाच्या तसा. तिने रंग खरवडायला खिशातून पॉलिश पेपर काढला, मग उस्तादांच्या तळहाताकडे पाहिलं. तो डब्यावरून हलला नव्हता.

पॉलिश पेपर तिने डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने नट अर्धा फेरा सैल केला. शिट्टी दुप्पट झाली. स्टिअरिंगमागे सुनेचे खांदे कानांपर्यंत वर आले.

"आता, उस्ताद?"

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग ते हसले.

"आता गेला. म्हणजे होता तर थोडासा. तुझ्या हाताचं काम साफ असतं, हे मी कधी नाकारलं नाही."

उत्तर तिच्या जिभेवर आलं. पण इथे ऐकायला दोघंच होती. तेव्हा सगळा बाजार होता. तिने नट पुन्हा होता तसा रंगावर कसला.

उस्ताद पुढच्या सीटवर जाऊन बसले. सून मागे आली.

"गेला नाही ना?"

"नाही. चार मिनिटांचं काम आहे. करू?"

सुनेने मागच्या काचेतून सासऱ्यांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं.

"त्यांना ऐकूच येत नाही," ती हळू म्हणाली. "आणि मला वेडी ठरवली."

"करू का?"

"राहू द्या. चाळीस जण बसणार आहेत आज. एकाला तरी ऐकू येईल."

वायरवालीने पॉलिश पेपर खिशात ठेवला आणि डिकी बंद केली.

अकरा वाजता मैदानाच्या मधोमध पांढरी गाडी उभी होती. पहिला सभासद बसला, रेस दिली, उतरला.

"लोणी, उस्ताद. एकदम लोणी."

दुसरा म्हणाला, नाद करायचा नाही. तिसऱ्याने नुसता अंगठा दाखवला. दहाव्याच्या सुमारास वायरवालीला शंका आली, की वाटेतल्या हादऱ्यांनी नटाखालचा रंग आपोआप खरवडला गेला असावा. विसावा माणूस उतरल्यावर कान चोळत होता, तरी "स्वच्छ" म्हणाला. बाजारातले सर्वांत तिखट कान ज्याचे, तो टकल्या सत्ताविसावा. तो उतरला, त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"स्वच्छ," तो म्हणाला.

सून कडेच्या खुर्चीवर बसून आधी बोटांवर मोजत होती. आता तिने मोजणं सोडलं होतं.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी वायरवालीचा नंबर आला. ती आत बसली, दार लावलं, काच वर केली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

शिट्टी जागेवर होती. सकाळइतकीच.

बाहेर एकोणचाळीस माणसं उभी होती. उस्ताद वाकून खिडकीशी आले.

"बोल पोरी. काय म्हणतेस?"

"आता हिला ऐकू येणार बघा," मागून कुणीतरी म्हणालं. पाचसहा जण हसले. बारा वर्षांपूर्वी हसले होते त्यांतले दोघं तिने ओळखले.

उस्ताद हसले नाहीत. काचेपलीकडून त्यांची नजर तिच्या ओठांवर होती आणि गाडीच्या टपावर ठेवलेला त्यांचा तळहात पत्र्यावर काहीतरी शोधत होता. त्यांच्यामागे सून खुर्चीवरून उठली होती.

स्पर्धेची पहिली गाडी बाराला लागायची होती. बारा वाजून तीन मिनिटांनी वायरवालीचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता, काच वर होती, आणि ती काही बोललेली नव्हती.