पहिला अर्थ

झाशीच्या कचेरीत गजाननरावांच्या भाषांतराला कधी कुणी नावं ठेवली नव्हती, आणि तीच त्या माणसाची मोठी खोड होऊन बसली होती. चाळीस वर्षं ते इंग्रजी कागद हिंदीत करून देत होते. नियम एकच: शब्दकोशात जो अर्थ पहिला दिलाय तोच लिहायचा. दुसरा-तिसरा अर्थ वकिलांनी भांडायला ठेवलेला असतो, असं ते म्हणत. पानाच्या उजवीकडे ‘टिप्पणी’चा एक रकाना असे. शंका असेल तर भाषांतरकारानं तिथं लिहायची मुभा होती. गजाननरावांचा तो रकाना जन्मभर कोरा राहिला. टिप्पणी लिहितो त्याला स्वतःच्या कामाचीच खात्री नसते, हे सांगताना ते मिशीत हसत.

घरी मात्र त्यांनी एक वही ठेवली होती. मुलगी इंदू छावणीतल्या शाळेत शिकवायची. ती मराठी समजायची, बोलायची मात्र हिंदीतच. पोरं वर्गात काय काय इंग्रजी बोलतात ते ती घरी येऊन सांगे आणि गजाननराव नाक मुरडत उतरवून घेत. कानाला सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या तर त्यांच्या आवडीच्या. ‘सिक’ म्हणजे आजारी, ‘सीक’ म्हणजे शोधणे; आणि त्याखाली लाल शाईत, पोरांच्या तोंडी ‘सिक’ म्हणजे भन्नाट. ‘किल’ म्हणजे ठार मारणे. लाल शाईत, बाजी मारणे. लाल शाई म्हणजे त्यांच्या लेखी भाषेचा उकिरडाच. पण उकिरडाही ते नीटनेटका ठेवत.

डिसेंबरात प्रेम नगरातल्या एका भाड्याच्या खोलीच्या गच्चीवरून बृजकिशोर नावाचा मऊरानीपूरचा विद्यार्थी संध्याकाळी खाली पडून मेला. गच्चीवर त्याच्यासोबत एकच जण होता, त्याचा खोलीतला जोडीदार उत्तम. उत्तमचे वडील बबीन्याच्या लष्करी छावणीत हवालदार, माणसं साताऱ्याकडची. पाय घसरला असं उत्तम रडून सांगत होता. पोलिसांनी त्याला आत घातलं आणि मोबाइलमधले दोघांचे इंग्रजी संदेश छापून अकरा पानं गजाननरावांच्या टेबलावर आणून टाकली. चारच्या आत द्या, साहेब वाट बघताहेत, असं शिपायानं बजावलं.

त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी दोघांची तोंडी परीक्षा होती. संदेश त्याबद्दलचेच होते. गजाननरावांनी लिहिलं, ‘कल तू मरा हुआ होगा.’ लिहिलं, ‘मार डाल, भाई.’ मग उत्तमचीच ओळ आली, गच्चीवर ये, इथून ‘सिक’ देखावा दिसतोय. त्यांचा हात थांबला. हा शब्द आपल्याच अक्षरात घरच्या वहीत पडलाय, हे त्यांना लख्ख आठवलं. वरच्या दोन ओळींतलं मरणं-मारणंही परीक्षेपुरतंच होतं, हेही कळलं. उजवीकडे रकाना रिकामाच होता. तिथं चार शब्द लिहायला कितीसा वेळ लागला असता? पण चाळीस वर्षांचा कोरेपणा चार शब्दांनी मोडायचा, आणि तोही पोराटोरांच्या बोलीसाठी! त्यांनी लिहिलं, ‘छत पर आ, यहाँ से बीमार नज़ारा है,’ आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी उत्तमची आई अनुसयाबाई कचेरीत आल्या. डोक्यावरून पदर, पायात मुलाच्याच चपला.

“काका, कागद तुमच्याकडं आल्याला ऐकलं आन् जीव भांड्यात पडला. आपलं मराठी माणूस हाय म्हनलं.”

गजाननराव म्हणाले, “मी फक्त शब्द लिहितो, बाई.” बाईंकडे बघण्याची मात्र त्यांना हिंमत झाली नाही.

जामीन नाकारला गेला. न्यायाधीशांनी त्याच ओळी भर कचेरीत वाचून दाखवल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या वर्तमानपत्रात आल्या. इंदूनं पेपर आणून बापापुढे टाकला.

“बाबा, ये आपने लिखा?”

“शब्द बरोबर आहेत.”

“शब्द बरोबर! और लड़का जेल में ठंडे फ़र्श पर सो रहा है।” तिनं कपाटातून वही काढून उघडली. “ये किसका अक्षर है?”

बापाला इतकं उघडं पाडणारं पोरीनं आजवर काही केलं नव्हतं. गजाननरावांचा संताप झाला, मग संताप ओसरला आणि नुसती लाज उरली. ते उत्तमच्या वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, “पंडितजी, दो लाइन लिख दीजिए कि पहले अनुवाद में ग़लती हुई। कल ही फिर अर्ज़ी लगा दूँगा।”

दोनच ओळी. पण ‘ग़लती’ हा शब्द काही केल्या त्यांच्या हातून उतरेना. पहिल्या दिवशी ‘पूरक अनुवाद’ लिहिलं, ते फाडलं. मग ‘अतिरिक्त स्पष्टीकरण’, मग ‘भाषा की सीमा के कारण’. सकाळी लिहायचं, दुपारी फाडायचं. इंदू रोज विचारायची आणि ते रोज म्हणायचे, मजकूर पक्का होतोय. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी ‘ग़लती’ लिहून कागद घेऊन ते वकिलाकडे पोचले, तेव्हा वकील कुणाशी तरी फोनवर बोलत होता. त्यानं कागद घेतला नाही. उत्तम पहाटे इस्पितळात वारला होता. छातीत कफ भरून.

पंधरवड्यानं अनुसयाबाई पुन्हा त्यांच्या टेबलासमोर येऊन बसल्या. हातात इस्पितळाचा इंग्रजी कागद. वर तक्रार करायची होती, कागद हिंदीत हवा होता. या वेळी त्यांनी काका म्हटलं नाही.

“वकीलसाहेब म्हनले, तुमी नवा कागद आनला हुता. मंग पयला लिवला तवा ठावं नव्हतं व्हय तुमास्नी?”

नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला कळणार होतं? घरातली इंदू सोडली तर कुणालाच नाही.

“ठाऊक होतं,” ते म्हणाले. “लिहिताना ठाऊक होतं.”

बाई रडल्या नाहीत की शिव्याही दिल्या नाहीत. कागदाची घडी त्यांनी स्वतःच उलगडली आणि कागद गजाननरावांपुढे सपाट केला.

“वाचा. लिवायचं मागनं. आदी मला मराठीत सांगा माज्या पोराला काय झालं.”

ते वाचू लागले. आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. दोन्ही फुप्फुसं कफानं भरलेली. श्वास लागलेला. प्रत्येक शब्दापाशी बाई थांबवून विचारत, म्हणजे काय, आणि ते सांगत. एक अर्थ पुरला नाही तर दुसरा, तिसरा. शेवटी डॉक्टरनं उत्तमला घेऊन आलेल्या शिपायाला विचारून लिहिलेली ओळ आली. तिथं त्यांनी बोट ठेवलं.

“काय लिवलंय?”

“ताप... नऊ दिवसांपासून.”

अनुसयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन ओळी आणायला गजाननरावांना किती दिवस लागले, हे वकिलानं बाईंना सांगितलं होतं.

“आन् तवर तुमी काय लिवत हुता?”