उकळलेली वाईन

ताईचा जीव मोठा, पण सदा टांगणीला. पडदे शिवायचं तिचं दुकान घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी दुकान बंद करायच्या दिवशी अंगणात शिवणाऱ्या बायका, त्यांच्या घरची माणसं, आसपासचे शेजारी असं सगळं मंडळ जमायचं. खाणं ज्याला जे जमेल ते. प्यायला मात्र एकच गोष्ट असायची आणि ती करायची तिच्या धाकट्या भावाने. लाल वाईन, तीत कापलेली फळं, मसाल्याचा गार पाक, वरून सोडा आणि बर्फ. छोट्याचा पंच. चाळिशी ओलांडली तरी तो सगळ्यांचा छोट्याच राहिला होता.

मधले दोन उन्हाळे अंगण रिकामं गेलं. कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, उगाच झाकून काय करायचं? छोट्या पंच करता करता चाखायचा, चाखता चाखता प्यायला लागला, आणि पुढे पुढे त्याला ना फळं लागायची ना पाहुणे. तसबिरींच्या चौकटी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तो हातच थरथरायला लागला. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली. शेवटी ताईनेच त्याला उपचार केंद्रात नेऊन सोडलं आणि तिथून तो आला तो सरळ तिच्या मागच्या खोलीत. तेव्हापासून थेंब नाही. सकाळी कामाला, संध्याकाळी घरी, सुट्टीच्या दिवशी अंगण झाडायचं. माणूस इतका सरळ वागायला लागला की ताईला त्याचीच भीती वाटायची.

यंदा एकदा जेवताना तो म्हणाला, "ताई, मंडळींना बोलाव. पंच मी करतो."

ताईचा घास हातातच राहिला. तिचे यजमान, छोट्याचे भाऊजी, घड्याळं दुरुस्त करणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. तेही म्हणाले, "अरे, कशाला विस्तवाशी खेळ? सरबत करू की."

"माझ्यामुळे सगळ्यांनी सरबत प्यायचं? मग मी बरा झालो कुठे, भाऊजी? आजारीच की." छोट्याने ताटावरची नजर वर केली नाही. "मी करीन, चाखणार नाही. चाखायला ताई आहे. आणि लेकीला बोलावलंय मी. येते म्हणाली."

मग ठरलंच. पोर सोळा वर्षांची झाली होती आणि बापाला भेटून तिला युग लोटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी भावजयीचा ताईला फोन आला. बाई आरडाओरडा करणारी नव्हती, म्हणून तर ताई तिला वचकून असायची. ती एवढंच म्हणाली, "पाठवते. पण त्याने तोंड लावलेलं तिला दिसलं, तर पुन्हा भेटीचं नाव काढायचं नाही. मी तिला सगळं सांगून पाठवतेय." ताईने 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खालीच बसली. भावजयीचं काय चुकलं होतं? काहीसुद्धा नाही.

तर आदल्या दुपारी, घरात कोणी नसताना, ताईने जे केलं ते ताईच करू जाणे. आणलेल्या चारही बाटल्या तिने उघडल्या, मोठ्या पातेल्यात ओतल्या आणि खाली गॅस मोठा केला. उकळली की दारूचा अंश उडून जातो, एवढं तिने कुठेतरी ऐकलं होतं. आता छोट्याचा एक नियम होता. पाणी, साखर आणि मसाला यांचा पाक वेगळा करायचा, तो गार करून गाळायचा आणि मग वाईनमध्ये घालायचा. वाईनला आग दाखवायची नाही, दाखवली की ती मेली म्हणायचा. ताईने हे शंभरदा ऐकलेलं होतं. पण तिला ती मेलेलीच हवी होती. तिचा हिशेब सरळ होता, चुकून तोंड लागलं तरी पोटात काही जाऊ नये.

वाईन खदखदा उकळली, निम्मी आटली, घरभर आंबटढाण वास सुटला. ताईने खिडक्या उघडून पंखे लावले. घट पडली तिथे खोक्यातला द्राक्षाचा रस घातला, आंबट लागली म्हणून साखर घातली, नरसाळं लावून पुन्हा बाटल्या भरल्या, बुचं दाबली, आणि वरचा चकचकीत कागद झालरीच्या गोंदाने असा चिकटवला की दुकानदारालाही कळू नये. शिवणकामाचा हात, त्यात काय कमी असणार! संध्याकाळी छोट्या घरी आला तेव्हा ती आरामात काज करत बसली होती. आरामात कसली, सुई दोनदा बोटात गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोट्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दालचिनी, लवंगा, चक्रीफूल, आल्याच्या पातळ चकत्या पाकात टाकून त्याने पातेलं उतरवलं आणि गार करायला ठेवलं. मग फळं घेतली. पीच, प्लम, सफरचंद, संत्री. संत्र्याची केशरी साल तो अशी काढायचा की खालचा पांढरा भाग जराही येऊ नये, तो आला की कडवट लागतं. हात थरथरत नव्हता. ताई दाराशी उभी राहून पाहत होती आणि मनातल्या मनात कुणाकुणाला हात जोडत होती. भाऊजी बर्फ आणायला बाहेर पडले होते.

त्याने पहिली बाटली घेतली. कागद सोलला, बूच काढलं, बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. त्याने बाटली खाली ठेवली, दुसरी उघडली, तिचाही वास घेतला.

"ताई, ही कुठून आणलीस?"

"दुकानातून. आणखी कुठून आणणार?"

"अशीच दिली त्याने?"

"अशीच." ताईने त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं.

छोट्याने दोन्ही बुचं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. "बूच उलटं बसवलंय. आधी उघडल्याचं भोक खालच्या बाजूला, वरून बघणाऱ्याला दिसू नये म्हणून. हे माझं काम होतं, ताई. बाटली प्यायची, चहाचं पाणी भरायचं, बूच उलटं ठोकायचं आणि तुझ्या डोळ्यांत बघून सांगायचं, अशीच होती. तूच पकडलं होतंस मला."

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की! ही युक्ती तिला दुसऱ्या कुणी शिकवली होती? करताना ती एकदाही आठवली नव्हती, हात आपोआप चालले होते. आधी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती चिडली. तिचा स्वभावच तसा.

"मग काय करू मी? तुझी लेक येतेय. आज काही झालं तर ती पुन्हा दिसायची नाही तुला. मी नुसती बघत बसू?"

"माझ्यावर विश्वास नाही ना तुझा?"

बाहेर कुणीतरी खुर्च्या मांडत होतं, त्यांचे पाय फरशीवर खरखरत होते. ताईला वाटलं, म्हणावं की आहे रे, असं काय बोलतोस. तेवढंच म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण आणखी एक खोटं तिच्या तोंडातून निघेना.

"नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे वाहायला लागले. "कसा ठेवू रे? ठेवायचाय मला. रोज सकाळी ठरवते. तू संध्याकाळी जरा उशीर केलास की जातो."

छोट्याने मान हलवली. तो रागावला नव्हता. "हे काल बोलली असतीस तर वाईन तरी वाचली असती," तो म्हणाला आणि चारही बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. "जॅम झालाय याचा. हे पाजलं तर तुझ्या बायका पुढच्या वर्षी कामाला येणार नाहीत." मग हात धुऊन त्याने खुंटीवरची पिशवी घेतली.

"मी जाते," ताई म्हणाली. "नाहीतर तुझे भाऊजी येतील एवढ्यात, ते जातील."

"मी जातो."

"एकटा?"

"एकटा."

ताई दारातच उभी होती. तिच्या मनात आलं, इथून हलूच नये, काय व्हायचं ते होवो. मग ती बाजूला झाली.

दुकान कोपऱ्यावर, जाऊन यायला असा किती वेळ लागणार? भाऊजी बर्फ घेऊन आले. सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "काय केलंस हे! आणि वर एकट्याला पाठवलंस?" शिवणाऱ्या बायका डबे घेऊन येऊ लागल्या. फळं झाकून ठेवली होती, पाक गार झाला होता, छोट्याचा पत्ता नव्हता. एकीने विचारलं, "आज छोटेभाऊ दिसत नाहीत?" आणि दुसरीने तिला कोपराने गप्प केलं. ताईला डोळ्यांपुढे दुकानामागची ती अरुंद जागा दिसत होती, जिथून तिने त्याला कितीदा उचलून आणलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच फाटक उघडून भाची आली. उंच झाली होती, बापासारखीच खांदे जरा पुढे काढून चालत होती.

"आत्या, बाबा कुठेयत?"

'बर्फ आणायला गेलाय.' शब्द अगदी जिभेवर आले होते. भाऊजींनीही नजरेने तेच सुचवलं.

"वाईनच्या दुकानात गेलाय," ताई म्हणाली. "एकटाच. माझ्यामुळे जावं लागलं त्याला." आणि तिने तिथेच, फाटकाशी, पातेल्यापासून बुचापर्यंत सगळं पोरीला सांगून टाकलं.

पोरीचा चेहरा उतरला. "जाऊन किती वेळ झाला?"

"बराच."

"मी आईला फोन करू?"

"कर. पण तो आल्यावर कर. तेव्हा जे दिसेल ते सांग. मी अडवणार नाही."

पोर फोन हातात धरून पायरीवर बसली, नजर रस्त्याकडे. ताई तिच्या शेजारी बसली. मागे मंडळी दबक्या आवाजात बोलत होती. बर्फाच्या घमेल्यात पाणी साचत होतं. ऊन भिंतीवरून उतरलं. ताईने आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली होती, पण अशी, आपण होऊन सोडलेल्या माणसाची, कधी पाहिली नव्हती.

तो आला तो भलत्याच दिशेने, बाजाराकडून. घामाने निथळत, दोन्ही हातांत पिशव्या.

"कोपऱ्यावरच्याने दिली नाही," तो लांबूनच म्हणाला. "म्हणाला, ताईंनी मागेच हात जोडून सांगितलंय, तुम्हाला काही द्यायचं नाही. पार बाजारापर्यंत जावं लागलं." ताई ते केव्हाच विसरली होती. तेव्हा त्याला पोर दिसली आणि तो जागच्या जागी थांबला.

पोर उठली. तिला जवळ जायचं होतं आणि जवळ जाण्याआधी तिला आणखीही काही करायचं होतं. आईने सांगून पाठवलेलं ते, करवत नव्हतं. बापाला ते उमगलं. त्याने पिशव्या खाली ठेवल्या, तिच्यापुढे वाकला आणि सगळ्या मंडळींदेखत तोंड उघडलं.

"घे," तो म्हणाला. "लाजू नकोस. तुझा हक्क आहे."

पोरीने वास घेतला. नीट, डोळे मिटून घेतला. मग डोळे उघडले आणि एकदम त्याच्या गळ्यात पडली. "काही नाही," ती रडत म्हणाली, "काहीच नाही, बाबा."

बऱ्याच वेळाने छोट्याने तिला सोडलं आणि ताईकडे वळला. पुन्हा तसाच वाकला. "आता तू."

ताईला वास घ्यायचा होता. देवाशपथ घ्यायचा होता, नाक आपोआप पुढे जात होतं. तिने पदराने ते पुसलं.

"मला सर्दी झालीय," ती म्हणाली. "चल आत, फळं काळी पडतायत."