गंमत म्हणून ओरडायचं नाही

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे मगर म्हणतात. तीन वर्षांची असताना एका बाहुलीवरून ती माझ्या दंडाला चावली आणि सोडेना. आईने तिचं नाक दाबून धरलं, तेव्हा कुठे तिने श्वासासाठी तोंड उघडलं. व्रण अजून आहे. नाव तेव्हा पडलं आणि असं चिकटलं, की तिचं कागदावरचं नाव कुणी घेतलं तर आम्हीच विचारतो, ही कोण बुवा?

मोठेपणी तिने कामही दातांचंच धरलं. दवाखान्यांना कवळ्या बनवून देते. खिडकीशी टेबल, त्यावर घासायचं बारीक यंत्र, आणि तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर लोकांचे प्लास्टरचे जबडे. डाव्या हातात जबडा, उजव्या हातात मेण कोरायची सुरी. केसाएवढी चूक तिच्या बोटांना कळते. त्या उजव्या हातावर तिचं पोट चालतं, आणि नवऱ्याला सोडल्यापासून तिचा माजही.

मी सात वर्षांनी मोठी. मला राग आला की आधी हात जातो, मग तोंड. माझा नवरा हे शपथेवर सांगेल. सुट्टीच्या त्या सकाळी त्याने हॉटेलात तिच्या खोलीचं दार तीनदा बडवलं, "मगर उठली का? मगरीने दात घासले का?" तिसऱ्यांदा मी चप्पल फेकली. ती कानावर बसली.

खाडीत मगरी दाखवायला होड्या सुटतात त्या धक्क्यावर आमचा नावाडी फळीवर मासे कापत होता. कापलेली डोकी तो वर भिरकावायचा आणि घारी ती हवेतच धरायच्या. दोन घारींनी एकच डोकं धरलं आणि एकमेकींना रक्त येईपर्यंत ओरबाडलं. नवरा मोबाइलवर टिपत राहिला. तिकीटखिडकीखाली मगरीची कवटी मांडली होती. बहिणीने लगेच तिच्यात बोट घातलं.

"हे चावून खायचे दात नाहीत, ताई. नुसते धरायचे. एकदा धरलं की बास."

"तुझ्यासारखंच," नवरा म्हणाला. तिने त्याच्या पोटात कोपर मारलं.

नावाड्याने हात धुतले आणि बजावलं, "होडीत एकच नियम. मगर अगदी जवळ दिसली तर जोरात 'मगर' म्हणून ओरडायचं. ओरडलात की मी वळूनसुद्धा बघत नाही, आधी इंजिन उलटं टाकून होडी मागे घेतो. त्यामुळे गंमत म्हणून ओरडायचं नाही."

आम्ही तिघांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या.

पहिल्या तासात आम्ही काय काय पाहिलं! एका बगळ्याने बेडूक जिवंत गिळला, त्याचे पाय चोचीबाहेर वळवळत होते. एका घोरपडीने मातीतली अंडी उकरली आणि फोडून खाल्ली, वर पक्षीण ओरडून ओरडून अर्धमेली झाली. झाडावर दोन माकडांनी तिसऱ्याला धरून त्याचा कान तोडला. नवरा म्हणाला, "एक नंबर!" आम्हीही हसलो. सुट्टीत दुसऱ्याचं रक्त बघायला मजा येते, हे मी कबूल करते.

मग बहिणीची टोपी उडाली आणि नवरा ओरडला, "मगर! ए मगर, टोपी!"

नावाड्याने इंजिन उलटं टाकलं. होडीला असा हिसका बसला, की माझं कपाळ पुढच्या बाकावर आपटून फुटलं. मी पाण्याची भरलेली बाटली नवऱ्याच्या पाठीत घातली. नावाड्याने आम्हाला शिव्या घातल्या.

"अहो काका, हे हिचं नाव आहे," मी म्हटलं.

त्याने आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघितलं. "मग आजच्या दिवस दुसरं नाव घ्या."

किती साधी गोष्ट होती! पण तीस वर्षांची सवय. "मगर, पाणी दे." "मगर, उन्हात बसू नकोस." ही मीच. प्रत्येक वेळी नावाड्याचा हात इंजिनाच्या दांड्यावर जायचा आणि मागे यायचा. नंतर नंतर तो नुसता हसायला लागला. दुपारपर्यंत त्याचा हात जागचा हलेनासा झाला.

खाडी अरुंद झाली तसं त्याने इंजिन मंद केलं. उजव्या काठावर, चिखलात, एक अजस्र मगर तोंड उघडं टाकून पडली होती. नवरा आणि नावाडी दोघेही तिकडेच बघत होते. बहीण माझ्या डावीकडे बसली होती. पपई खाऊन हात चिकट झाला, म्हणून होडीच्या कडेवरून वाकून ती उजवा हात धूत होती. तिच्या बोटांपासून हातभर अंतरावर दोन नाकपुड्या वर आल्या. मग डोळे.

बहीण माझ्या हाताच्या अंतरावर होती. एक फटका मारला असता तरी तिचा हात बाहेर आला असता. जन्मभर माझा हात आधी जातो. त्या दिवशी तोंड गेलं.

"मगर!" मी ओरडले.

हात पाण्यातच ठेवून ती माझ्याकडे वळली. "काय गं, ताई?"

नावाडी हलला नाही. नवरा न वळताच हसून म्हणाला, "शेजारीच तर बसलीय."

पाणी फुटलं. जबडा कोपराच्या वर बंद झाला आणि हाड मोडल्याचा आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. मी तिच्या कमरेला मिठी मारली. होडीची कड खाली गेली, पाणी आत आलं. नवऱ्याने वल्हं उचलून त्या डोक्यावर घातलं, पुन्हा घातलं, ते मोडलं, तर उरलेला तुकडा डोळ्यात खुपसला. नावाडी लोखंडी नांगर दोन्ही हातांनी उचलून हाणत होता. मगर सोडेना. ती गर्रकन उलटीपालटी झाली आणि तिच्याबरोबर माझ्या बहिणीचा हात पिळला गेला. बहीण ओरडली नाही, कारण तिचं तोंड माझ्या खांद्यात होतं. ती चावली होती. मीही सोडलं नाही. मग एकदम आम्ही दोघी मागे पडलो, कारण ओढणारं कुणी उरलं नव्हतं. हात घेऊन ती गेली होती.

नावाड्याने उरलेल्या दंडाला दोरी करकचून बांधली आणि होडी धक्क्याकडे पळवली. माझा डावा हात बहिणीभोवती होता. उजव्या हाताने मी वाटभर नवऱ्याला मारत सुटले, तोंडावर, छातीवर. "हसलास! हसलास तू!" त्याने एकदाही हात आडवा घातला नाही. त्याचं नाक फुटलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ओरडले मी होते.

धक्क्यावर रुग्णवाहिकेतून आलेल्या नर्सने तिला माझ्यापासून सोडवायचा प्रयत्न केला. दात खांद्यातून निघेनात.

"तिचं नाक दाबा," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ती नीट शुद्धीवर आली. तोवर मी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, ते नाव परत तोंडातून काढलंस तर दात पाडीन. पडद्याआड कॉटवर ती भिंतीकडे मान वळवून पडली होती. उजवीकडे खांद्याखाली चादर लगेच सपाट होत होती. मी तिच्या कागदावरच्या नावाने हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली.

"कुणाला बोलावतेस?" ती भिंतीलाच म्हणाली.

"तुला."

"मग नीट बोलाव."

"नाही. मी नाही म्हणणार ते. माझ्यामुळे..." मी रडायला लागले. मला माझी जीभ कापून टाकावीशी वाटत होती.

"हात गेलाय माझा, ताई. आता नावही काढून घेतेस?"

मी तिच्या मानेवरचे केस मागे सारले. मग हळूच म्हटलं, "मगर."

"काय गं, ताई?" ती वळली, आणि तिचा उजवा खांदा झटकन वर आला, पाण्यातून हात काढल्यासारखा.