आडव्या माणसाचे माप

शिलाईयंत्रांवरचे पाय थांबले होते, इस्त्रीतले कोळसे आपल्याशीच तडतडत होते, आणि कापणीच्या मेजाशी उभ्या असलेल्या बसवंतच्या उजव्या चपलेभोवती रक्ताचे थारोळे हळूहळू, कसलीही घाई नसल्यासारखे, रुंदावत होते. मेजावर कुणा नवऱ्या मुलाच्या कोटाचे मोतिया कापड अंथरलेले होते. सर्वांनी आधी बसवंतच्या हातांकडे पाहिले, मग कातरीकडे. दोन्ही कोरडी होती. कुठे काही दुखल्याची खूण त्याच्या चेहऱ्यावरही नव्हती. रक्त जणू दुसऱ्याच कुणाचे होते आणि याच्या पायाशी येऊन थांबले होते.

शेवटी बोलला तोही बसवंतच. "कापडाला नाही ना लागलं?"

तेव्हा कुठे व्यंकोजी, त्याचा धाकटा भाऊ, आपल्या यंत्रामागून उठला. शिंप्याच्या दुकानात कुणीही केले असते तेच त्याने केले. अस्तराची पट्टी टर्रकन फाडली आणि उभ्या भावाच्या गुडघ्याखाली करकचून आवळली. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, द्राक्षासारखी फुगलेली एक निळी शीर फुटली होती. पट्टी बांधताच रक्ताने अधिकच जोर धरला.

"बांधशील तितकं वाहतंय रे," मेजाला टेकून बसवंत हसला. "तुझ्या शिवणीत काही दम नाही, व्यंकू."

घोड्याच्या जटक्यात त्याला आडवे घालून, पाय समोरच्या फळीवर टेकवून नेले, तेव्हा हॉस्पिटल येण्याआधीच रक्त आपसूक थांबले. व्यंकोजीला ती काहीतरी कृपा वाटली. तिथल्या डॉक्टरांनी, रत्नाकर नावाच्या बारीक आवाजाच्या तरुणाने, ती कृपा नव्हे हे दोन वाक्यांत सांगितले. आधी त्यांनी गुडघ्याखालची पट्टी सोडली.

"तुम्ही रक्ताची परतीची वाटच आवळलीत. आडवं झोपवायचं, पाय छातीहून वर धरायचा आणि फुटलेल्या जागी घडी दाबून ठेवायची, बस्स." मग त्यांनी बसवंतला उभे केले आणि पोटरीवरच्या गाठाळ, नागमोडी शिरांवरून बोट फिरवले. "हृदयाकडून रक्त खाली येतं ते सहज. वर जाताना त्याला शिरांमधल्या झडपा आधार देतात. तुमच्या झडपा सैल झाल्यात. मग रक्त पायातच साचतं, शीर फुगते, कातडी काळवंडते, खाज सुटते. काम कसलं करता?"

"कटर आहे. उभ्यानं."

"चालणं चांगलं. चालताना पोटरी पिळली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. बसलात तर पाय उंच ठेवा. पण एका जागी तासन् तास उभं राहणं सोडा. नाहीतर इथं, घोट्याशी, जखम होईल आणि ती भरता भरणार नाही."

"सरी," बसवंत म्हणाला. बेंगळूरचा माणूस ज्या शब्दाने सगळे मान्य करतो आणि ज्यानंतर काहीच करत नाही, तो हा शब्द.

चिक्कपेटेतल्या त्या दुकानात एक अलिखित पद्धत होती. शिवणारे बसतात, कापणारा उभा राहतो. उभा असतो तोच गिऱ्हाइकाशी बोलतो, खडू त्याच्याच कानावर असतो, आणि नव्या विधानसौधातल्या सरकारी कचेऱ्यांचे साहेबलोक कोटाचे कापड घेऊन येतात तेव्हा नमस्कारही त्यालाच होतो. वडिलांमागे कातर थोरल्याकडे आली होती. धाकट्याचा हात कापण्यात अधिक साफ होता हे दोघांनाही ठाऊक होते, आणि ते ठाऊक असणे त्यांच्यामध्ये, भिंतीतल्या ओलीसारखे, न दिसता वाढत आले होते. म्हणूनच 'अण्णा, आता बस' हे साधे वाक्य व्यंकोजीच्या ओठांपर्यंत येई आणि तिथेच त्याचा अर्थ बदले. ते वाक्य जगात कुणीही बोलू शकले असते. एकट्या त्याला ते वर्ज्य होते.

बसवंत मेजाशी उभाच राहिला. पाऊसकाळ सरला, दिवाळीचे शिवणकाम आले, आणि डॉक्टर म्हणाले होते त्याच जागी, घोट्याच्या आतल्या अंगाला, कातडी तपकिरी होऊन फाटली. डॉक्टरांनी दिलेली क्रेपची पट्टी त्याने चार दिवस बांधली. मग एका गिऱ्हाइकाने "काय हो, घोड्याला बांधतात तसं?" म्हटले आणि ती पट्टी मेजाखाली गेली.

पुन्हा पाय दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "लवचीक मोजे परदेशातून येत होते, ते आता मिळत नाहीत. पण तुम्ही तर शिंपी! जाड कापडाचा, उरेब, तिरका कापलेला मोजा शिवा, नाडीनं आवळता येईल असा. घोट्याशी सगळ्यांत घट्ट, वर पोटरीकडे थोडा थोडा सैल. आणि नीट ऐका, माप सकाळी घ्यायचं. बिछान्यातून पाय जमिनीला लागायच्या आत, झोपलेल्या माणसाचं. एकदा उठलं की पाय सुजलाच."

परतीच्या वाटेवर दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता चालले. डॉक्टरांनी काय सांगितले होते हे डॉक्टरांना कळले नव्हते. त्यांच्या घराण्यात आडव्या माणसाचे माप घेत नसत. तान्ह्या पोराचे अंगडे बेतायचे तरी त्याला कुणीतरी हातांवर उभे धरी. माणूस आडवा असताना कापड मोजले जाते ते एकदाच, आणि ते कापड शिवावे लागत नाही.

तरीही व्यंकोजी पहाटे टेप घेऊन भावाच्या घरी गेला. दारातच वहिनी, कस्तुराबाई, सडा घालता घालता थांबली.

"भावजी, तो टेप खिशात घाला."

"वयनी, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांच्या घरात शिवण नाही. माझं कुंकू अंथरुणात पडलेलं असताना त्याला टेप लावता? तुम्ही?"

त्या 'तुम्ही'त काय काय होते! व्यंकोजीने आत पाहिले. बसवंत जागाच होता. त्याचा पाय लोडावर उंच ठेवलेला होता, आणि त्या कोवळ्या उजेडात तो खरोखरच उतरलेला, सडपातळ, एखाद्या तरुणाचा पाय वाटत होता. ओणवे होऊन टेप एकदा फिरवला असता तर काम झाले असते. पण व्यंकोजीनेच टेप मुठीत मिटून धरला. लहानपणापासून हातात भिनलेली भीती डॉक्टरांच्या एका वाक्याने कशी जावी?

"संध्याकाळी घे दुकानात," बसवंत पडल्या पडल्या म्हणाला. "उभ्यानं. पाय काय पळून जातोय?"

व्यंकोजीला हायसे वाटले. पुढे कित्येक दिवस त्याला जखमेपेक्षा हे हायसे वाटणेच अधिक सलत राहिले.

संध्याकाळी माप घेतले तेव्हा पाय भरलेल्या पखालीसारखा झाला होता. कापायला बसवंत स्वतःच उभा राहिला. "माप तुझं, कातर माझी." खडूची रेघ पोटरीवरून सुरेख उतरत आली आणि घोट्याशी, जिथे ती आत वळायला हवी होती, तिथे बोटभर बाहेर राहिली. आयुष्यभर ज्या हाताने अंगाला कापड काचू दिले नाही, त्या हाताने आजही सवयीने सैल ठेवले. व्यंकोजीला ती रेघ दिसली. कटरची रेघ दुरुस्त करणे म्हणजे काय, हेही त्याला दिसले. तो खाली मान घालून सुईत दोरा ओवू लागला.

मोजा देखणा झाला. शेजारच्या दुकानदाराने येऊन हात फिरवून पाहिला. सकाळी मात्र तो उतरलेल्या पायावर पिशवीसारखा लोंबे, नाडी कितीही ओढली तरी दुपारपर्यंत घोट्याशी गोळा होई, आणि त्याची एक जाड वळी नेमकी जखमेवर रुतून बसे. बसवंत उभाच होता. पौषात जखम तळहाताएवढी झाली, आणि अगरबत्ती लावूनही दुकानात एक ओलसर, गोडूस वास राहू लागला. गिऱ्हाइके दारातूनच बोलू लागली.

"हा मोजा कुणी कापला?" डॉक्टर रत्नाकरांनी विचारले. "आता आधी अंथरूण. पाय वर ठेवून पडून राहायचं, जखम भरेपर्यंत. किती महिने, मी सांगू शकत नाही. मग जांघेत शीर बांधून ती काढून टाकू. पण त्यानंतरही मेजाशी उभं राहिलात तर दुसऱ्या शिरा फुगतील. मग माझ्याकडं येऊन उपयोग नाही."

हॉस्पिटलबाहेर झाडाखाली जटके उभे होते. बसवंत दगडी कट्ट्यावर बसला. व्यंकोजीच्या हातात तो मोजा होता, धुतलेला तरी डागाळलेला.

"अण्णा, पुन्हा शिवू. सकाळी माप घेऊ. वयनींना मी समजावतो."

"आणि मेजाशी?"

"होसकोट्याचा नागनाथ कटर आहे. बोलावलं तर येईल."

"बाहेरचा माणूस? आपल्या मेजाशी?" बसवंत हसला. "मग राहिलं कोण? बोल की. इतकी वर्षं पोटात ठेवलंस, आज स्वल्प तोंडात आण."

व्यंकोजीने मोज्याच्या शिवणीकडे पाहिले. शिवण सरळ होती. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

"घोट्याशी रेघ चुकली तेव्हा मी पाहत होतो," तो म्हणाला. "मी बोललो नाही."

"का?"

"बोललो असतो तर तू म्हणाला असतास, कातर मागतोय."

"म्हणालो असतोच."

"बघ. आता तूच सांग मी काय करू. गप्प बसलो तर तुझा पाय जातो. बोललो तर तू जातोस. मेजाशी मी उभा राहिलो तर चोर, नाही राहिलो तर दुकान बंद. तुझा पाय दुखतो तेव्हा मला झोप लागत नाही हे मी कुठल्या भाषेत सांगू? आपल्या भाषेत, कन्नडात, कशातही सांगितलं तरी तुला कातरच ऐकू येते." जटकेवाल्याने वळून पाहिले. "मला काय हवंय, अण्णा? तुझा पाय, की कातर? तुला खरंच कळत नाही?"

बसवंतने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता आणि विश्वासही नव्हता. दोन्हींच्या मधल्या एखाद्या ओसाड जागेवरून तो पाहत होता. मग त्याने विजारीचा पाय घोट्यापर्यंत खाली ओढला, कट्ट्यावर हात रोवून उठला आणि जटकेवाल्याच्या हाकेकडे लक्ष न देता, उजवे पाऊल जपून टेकवत, चिक्कपेटेच्या दिशेने, दुकानातल्या आपल्या मेजाकडे, चालू लागला.