दुधाचं दुसरं पाकीट

"एकच?" येसाजीरावांनी दाराच्या कडीला लावलेल्या पिशवीत पुन्हा हात घालून पाहिला. रोज दुधाची दोन पाकिटं असायची, एक त्यांच्या नावाचं, एक शकुंतलाबाईंच्या. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं पाकीट मात्र येत राहिलं होतं.

ते तसेच खालच्या मजल्यावर गेले. वरुणा गावच्या दूधवाल्यांची वेबसाइट खाली राहणाऱ्या विद्याश्रीनंच केली होती.

"मामा, दुसरं पाकीट तुम्हीच बंद केलात की. काल संध्याकाळी," तिनं लॅपटॉपमध्ये बघून सांगितलं.

"मी कुठं बंद केलो गे? तिचं नाव होतं, निळ्या अक्षरात, खाली रेघ. दाबलो. म्हटलं, तिचं पान उघडंल."

विद्याश्रीनं कपाळाला हात लावला. "अय्यो! चूक माझी. रेघ दिसली की माणसाला वाटणारच, ही लिंक, दाबली की दुसऱ्या पानावर नेईल. काही चालू-बंद करायचं तर तिथं बटणच पाहिजे. बटण जाडंभरडं दिसत होतं म्हणून मी सुम्ने, उगाच, लिंक केली."

"मग आता?"

"बटण करते. दाबलं तरी आधी विचारेल तुम्हाला." तिनं मान वर केली. "पण मामा, बंद झालंच आहे तर राहू दे की. एकट्याला एवढं दूध कशाला?"

येसाजीरावांनी चपलेचा अंगठा सारखा केला. रेशीम कारखान्यात ते टाइमकीपर होते. आलेल्या-गेलेल्यांची वेळ लिहायची, एवढंच काम. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कधी वेळेवर सुचलं नव्हतं.

"विरजण लावतो," ते अखेर म्हणाले.

"एवढं दही खाता?"

"नाही गे."

ती हसणार होती, पण हसली नाही. "आयतु मामा, बरं, चालू करते," म्हणत तिनं मान लॅपटॉपमध्ये घातली.

दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन पाकिटं होती. संध्याकाळी येसाजीरावांनी मोबाइल उघडला. नावाखालची रेघ गेली होती. शेजारी करडं, जाड बटण होतं. विद्याश्रीच्या शब्दावर विसंबून, भीत भीत त्यांनी ते दाबलं. लगेच चौकट उघडली: 'शकुंतलाबाई यांचं पाकीट खरंच बंद करायचं?'

दिवसभरात त्या घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. येसाजीरावांनी चष्मा पुसला आणि 'नको'वर बोट ठेवलं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते बटण दाबतात. रोज तीच विचारणा होते. ते आधी तोंडानं "नको" म्हणतात, आणि मग बोट टेकवतात.